व्हेनिस : चार तासांत उरकू नका, मुक्कामाला जा

सांजवात

नमस्कार मंडळी,

यंदा फेब्रुवारीच्या शेवटी, कार्निव्हल आटोपल्यावर, नवरा, मी आणि सासूबाई (वय ७१, दोन्ही गुडघ्यांचं दुखणं) असे तिघं व्हेनिसला तीन रात्री राहून आलो. जायच्या आधी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यातल्या बहुतेकांनी "अर्धा दिवस पुरे" असंच सांगितलं होतं. एका यात्रा कंपनीच्या पत्रकातही व्हेनिसला चारच तास होते. बोटीने उतरायचं, सान मार्को चौकात फोटो, काच फुंकण्याचं प्रात्यक्षिक, गोंडोला, की परत बस. मी अगदी कळकळीने सांगते, हे शहर असं उरकू नका. दिवसाची गर्दी संध्याकाळी ओसरते ती दुसऱ्या दिवशी नऊ-दहापर्यंत परत येत नाही. बघण्यासारखं व्हेनिस त्या मधल्या वेळात असतं, आणि मुक्काम केल्याशिवाय ते दिसत नाही.

आम्ही मिलानहून आगगाडीने गेलो. शेवटची काही मिनिटं गाडी खाजणावरच्या लांबलचक पुलावरून जाते, दोन्ही बाजूंना नुसतं पाणी. हा रेल्वेपूल १८४६ चा. तोपर्यंत या शहरात यायचं तर होडीशिवाय वाटच नव्हती. स्टेशनातून बाहेर पडलो, की आपल्याकडे जिथे रिक्षास्टँड असावा तिथे पायऱ्या आणि पायऱ्यांखाली थेट ग्रँड कॅनाल. सासूबाई तिथेच थबकल्या. "अगं, रस्ता कुठाय?" म्हणाल्या. रस्ता नाहीच. शंभरावर बेटं, चारशेच्या वर पूल, आणि मोटार सोडाच, जुन्या शहरात सायकलसुद्धा चालवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला जाग आली ती खिडकीखालच्या धडधडीने. खालच्या चिंचोळ्या कालव्यात एक बोट येऊन उभी होती, बोटीवर छोटी क्रेन. सफाई कामगार पत्र्याची हातगाडी ढकलत पुलाशी आला, क्रेनने ती गाडी अलगद उचलली, बोटीवर नेऊन तिचा तळ उघडला, कचरा आत पडला आणि रिकामी गाडी पुन्हा काठावर. तिच्यामागे पाण्याच्या बाटल्यांची खोकी घेऊन एक बोट, मग हॉटेलांच्या चादरींची गाठोडी, मग विटा आणि वाळू. रुग्णवाहिका बोट, अग्निशमन बोट, अंत्ययात्राही बोटीतून. सासूबाई अर्धा तास खिडकीतून हलल्या नाहीत. मला विचाराल तर आमच्या सहलीतलं सगळ्यात मोलाचं दृश्य तेच होतं.

आता दोन गोष्टी सांगते, ज्या आम्हाला आधी कुणीच सांगितल्या नव्हत्या.

पहिली, विहिरी. व्हेनिसमधल्या चौकाला 'कांपो' म्हणतात, म्हणजे शब्दशः शेत, कारण पूर्वी तिथे गवत असायचं. ('पियात्सा' म्हणायचा मान एकट्या सान मार्कोला.) जवळपास प्रत्येक कांपोच्या मध्यात एक कोरीव दगडी कठडा दिसतो, वर लोखंडी झाकण. लोक त्याला टेकून फोटो काढतात आणि पुढे जातात. ती विहीर दिसते, पण खाली झरा नाही. चारी बाजूंना खारं पाणी, मग प्यायचं काय? म्हणून त्यांनी अख्खा चौकच खणून काढला, खड्ड्याला आतून चिकणमातीचा जाड थर दिला म्हणजे खारं पाणी आत झिरपणार नाही, त्यात वाळू भरली आणि मधोमध विटांची गोल नळी बांधली. वर फरसबंदी, तिला हलकासा उतार, आणि उताराच्या टोकाला भोकं पाडलेले दगड. चौकात पडलेला आणि छपरांवरून आलेला पाऊस त्या भोकांतून वाळूत उतरायचा, गाळला जाऊन मधल्या नळीत साठायचा. १८८४ मध्ये जमिनीवरून नळाचं पाणी येईपर्यंत शहराची तहान यावरच भागली. मी एका चौकात वाकून ती दगडी भोकं शोधली, चारही सापडली. एकदा कळलं की मग प्रत्येक चौकात नजर आधी खालीच जाते.

दुसरी गोष्ट सासूबाईंची. सान मार्को चौकातच कोरेर संग्रहालय आहे. तिथे व्हेनिसची जुनी नाणी मांडलेली आहेत. आम्ही दोघं पुढे गेलो आणि आई एका काचेपाशी वाकून उभ्या. सोन्याचं पातळ नाणं, नखाएवढं. एका बाजूला उभा संत मार्क आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला दोजे, म्हणजे तिथला निवडून आलेला राज्यप्रमुख. आई म्हणाल्या, "या तर पुतळ्या." मला आधी कळेना. त्यांच्या सासूबाईंची पुतळ्यांची माळ होती, चौघी सुनांत वाटली गेली, आईंच्या वाट्याला सात पुतळ्या आल्या. त्या नवीन घडणीच्या, त्यांवर लक्ष्मी आहे. पण आकार, पातळपणा आणि मधली उभी आकृती बघून त्यांना आपलंच काहीतरी दिसलं. घरी येऊन शोधलं तर त्यांचं बरोबर निघालं. त्यावर खाली कुणा जाणकारांनी लिहावं ही विनंती, मला अर्धवटच माहीत आहे.

बाकी नेहमीचं विचारा, सांगते.

...

मालवणकिनारा

सांजवातताई, विहिरींचं वाचून फार बरं वाटलं. आमच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधविहीर, दहीविहीर, साखरविहीर आहेत. भोवती समुद्र आणि आत गोडं पाणी, लहानपणी त्याचं केवढं नवल वाटायचं. पण तिथे खडकातलं पाणी आहे, महाराजांनी जागाच तशी पारखली. व्हेनिसकरांना पायाखाली नुसता चिखल मिळाला, त्यांना विहीर रचावी लागली.

त्यांच्या रिआल्तोच्या मासळीबाजारात सकाळी नक्की जा (रविवार-सोमवार सोडून). तिथे भिंतीवर एक जुनी दगडी पाटी आहे, कुठला मासा किती सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर विकायचा नाही, त्याची यादी कोरलेली. मी ती पाटी बघून पाच मिनिटं गप्प उभा होतो. आमच्याकडे बोटभर सुरमईचं पिल्लूसुद्धा टोपलीत दिसतं तेव्हा पोटात तुटतं.

तारलीच्या जातीतला मासा तळून, कांदा, व्हिनेगर, मनुका घालून मुरवतात, 'सार्दे इन साओर'. खलाशांनी टिकावं म्हणून काढलेली युक्ती. दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं.

...

खडीसाखर

धागा अगदी वेळेवर आला. मेमध्ये आम्ही पाचजण जाणार आहोत, आई-बाबा बरोबर. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. बाबांना पायऱ्या चढताना दम लागतो. मेस्त्रेत (पुलाअलीकडे, जमिनीवरच्या भागात) हॉटेल निम्म्या दरात मिळतंय, तिथून रोज ये-जा करावी का? आणि गोंडोला खरंच घ्यावा का?

...

सांजवात

खडीसाखर, एकेक सांगते.

मेस्त्रेहून गाडी दहा मिनिटांत येते, त्यामुळे पैसे वाचतात हे खरं. पण मग रात्री परतायची घाई आणि पहाट हुकणार. मी म्हणेन, एक रात्र कमी करा पण आत राहा. कान्नारेज्जो किंवा दोर्सोदुरो भागात बघा, आणि बुकिंग करताना बोटीच्या थांब्यापासून हॉटेलपर्यंत मध्ये किती पूल लागतात ते हॉटेलला विचारून घ्या. आम्ही विचारलं नाही. तीन पूल निघाले, प्रत्येकाला पायऱ्या, दोन मोठ्या बॅगा आणि आईंचे गुडघे. नवऱ्याने सहा फेऱ्या केल्या.

बाबांसाठी: व्हापोरेत्तो म्हणजे तिथली पाण्यावरची बस, तीच त्यांचे पाय. १ नंबरची बोट ग्रँड कॅनालभर प्रत्येक थांबा घेत जाते. संध्याकाळी उजेड असताना पुढची उघडी जागा मिळाली तर स्टेशनपासून सान मार्कोपर्यंत बसून या. दोन्ही काठांचे वाडे, त्यांचे पाण्यात उतरणारे दरवाजे, सगळं बसल्या जागी दिसतं. आईंना आम्ही हे दोनदा घडवलं.

शाकाहाराबद्दल सावध राहा. 'बिगोली इन साल्सा' हा जाड शेवयांचा प्रकार दिसायला नुसता कांद्याचा, पण त्यात खारवलेले मासे विरघळवलेले असतात. पावाच्या तुकड्यावर पांढरं लोण्यासारखं दिसतं ते 'बाकाला', सुकवलेल्या कॉड माशाचं. 'रिझी ए बिझी' म्हणजे मटारभात, पण त्यात बहुधा डुकराचं मांस असतं. त्यामुळे नाव ऐकून भरवसा ठेवू नका, "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा उओवा" (मांस, मासे, अंडी नको) एवढं तुमच्या आईंना चिठ्ठीवर लिहून द्या. पोलेंता (मक्याच्या पिठाचा सांजा), टोमॅटोचा पास्ता, भाजलेल्या भाज्या मिळतात. आम्ही मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी नेली होती, खोलीत किटली होती, एक जेवण भातावर झालं.

गोंडोलाचं दुसऱ्या कुणी लिहा.

...

पदुआकर

मी पदुआला आठ वर्षं आहे, व्हेनिस अर्ध्या तासावर. थोडे आकडे देतो, निघण्याआधी एकदा ताजे दर बघून घ्या.

व्हापोरेत्तोचं ७५ मिनिटांचं तिकीट ९.५० युरो, त्यामुळे सुटी तिकिटं काढत बसू नका. ७२ तासांचा पास ४५ युरोला होता. चढण्याआधी थांब्यावरच्या यंत्राला प्रत्येक वेळी टेकवायचा, पास असला तरी.

२०२४ पासून दिवसाभरासाठी येणाऱ्यांना ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क आहे. पहिल्या वर्षी २९ दिवस, २०२५ मध्ये ५४ दिवस. आधी काढलं तर ५ युरो, ऐन वेळी १०. सकाळी साडेआठ ते दुपारी चार. जे रात्री राहतात त्यांना हे माफ आहे, कारण ते हॉटेलमध्ये मुक्कामाचा कर भरतात, पण संकेतस्थळावर नोंद करून क्यूआर कोड घ्यावा लागतो. खडीसाखर, मेमधल्या तुमच्या तारखा तपासा.

मासे खाणाऱ्यांसाठी: यादीत किमतीपुढे 'एत्तो' लिहिलेलं असेल तर ती १०० ग्रॅमची किंमत. माझ्या मेहुण्यांना सान मार्कोजवळच्या एका खानावळीत अख्ख्या माशाचं बिल १४० युरो आलं, कारण त्यांनी तो आकडा ताटाचा समजला. वजन आधी विचारा. आणि कॉफी उभ्याने प्या, बसलात की दर वेगळा.

बाबांसाठी आणखी एक. ऑक्टोबरअखेर तिथे मॅरेथॉन होते, तिच्यासाठी झात्तेरेपासून सान मार्कोपर्यंतच्या काठावरच्या पुलांवर लाकडी उतार बसवतात आणि ते पुढे काही महिने तसेच ठेवतात. मेमध्ये किती शिल्लक असतील ते बघावं लागेल, पण ज्यांना तारखा बदलता येतात त्यांनी हिवाळा निवडावा.

भरतीचं पाणी, 'आक्वा आल्ता', याची भीती आता पूर्वीइतकी नको. ४ नोव्हेंबर १९६६ ला पाणी १९४ सेंटिमीटर चढलं होतं, १२ नोव्हेंबर २०१९ ला १८७. २०१९ ला मी दुसऱ्या दिवशी मित्राच्या दुकानात चिखल काढायला गेलो होतो. पुस्तकांचं दुकान, खालचे तीन कप्पे लगदा झालेले. त्याने ओले गठ्ठे बाहेर मांडले होते आणि एकेक पान सुटं करत बसला होता, मी काही बोलू शकलो नाही. त्यानंतर ऑक्टोबर २०२० मध्ये 'मोझे'ची दारं पहिल्यांदा वर आली. खाजणाला समुद्राकडे तीन तोंडं आहेत, लिदो, मालामोक्को आणि क्योज्जा. तिथे तळाशी ७८ पोकळ पोलादी दारं आडवी ठेवलेली आहेत, एरवी पाण्याने भरलेली. मोठ्या भरतीचा अंदाज आला की त्यांत हवा सोडतात, पाणी बाहेर पडतं, दारं हलकी होऊन वर उभी राहतात आणि समुद्र बाहेर थांबतो. सान मार्को चौक मात्र इतका खोलगट आहे की लहान भरतीतही तिथे पाणी साचतं. २०२२ पासून तिथल्या बासिलिकाभोवती, म्हणजे मोठ्या चर्चभोवती, काचेची भिंत आहे, त्यामुळे निदान आतली जमिनीवरची रंगीत दगडांची नक्षी कोरडी राहते.

...

रंधा

गोंडोलाचं मी लिहितो, मला लाकडाचं वेड आहे.

दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०, हे शहराने ठरवलेले दर. माणशी नाही, अख्ख्या नावेचे, आणि पाचजणांपर्यंत बसता येतं. खडीसाखर, तुम्ही नेमके पाच आहात. परवडत नसेल तर 'त्रागेत्तो' घ्या, ग्रँड कॅनाल ओलांडून नेणारी साधी गोंडोला, बाहेरच्यांना २ युरो. सांता सोफियाहून मासळीबाजारात उतरता येतं.

पण बसा किंवा नका बसू, सान त्रोवासोचा कारखाना बघा, कालव्याच्या पलीकडून. तिथे नावा उलट्या घालून दुरुस्त होत असतात. इमारत डोंगरातल्या लाकडी घरासारखी आहे, कारण लाकूड आणि सुतार दोन्ही आल्प्सकडून यायचे. पालथ्या गोंडोलाकडे नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, बाजूने बघा, ती सरळ नाहीच. डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंटिमीटर जास्त रुंद. नावाडी मागे उभा राहून एकाच वल्ह्याने उजवीकडून वल्हवतो, मग सरळ नाव डावीकडे वळत राहिली असती. ती मुद्दाम वाकडी बांधतात म्हणून सरळ जाते. आठ जातींचं लाकूड, २८० तुकडे. आणि वल्हं टेकवायचा तो वळणावळणाचा खुंट, 'फोर्कोला', एका अखंड अक्रोडाच्या ठोकळ्यातून काढतात. त्याच्या प्रत्येक खाचेत वल्हं ठेवलं की नावेची चाल बदलते, पुढे, मागे, हळू, वळण. मी एका कारागिराच्या दारात उभा होतो, त्याने न बोलता एक खुंट हातात दिला. हात फिरवला तर कुठे धारच लागली नाही.

...

ठाणेकर

सांजवात, पुतळीबद्दल. तुमच्या सासूबाईंचा डोळा पक्का आहे. व्हेनिसचं हे नाणं म्हणजे डुकाट, १२८४ पासून पाडलं गेलं, साडेतीन ग्रॅमच्या आसपास, जवळपास शुद्ध सोनं. १७९७ मध्ये नेपोलियनने ते प्रजासत्ताक बुडवेपर्यंत त्याचं वजन, कस आणि चित्र जवळजवळ तेच राहिलं. दोजेचं नाव तेवढं बदलायचं. म्हणून मिऱ्यांच्या आणि कापडाच्या व्यापारात ते अरबांच्या हातून आपल्या किनाऱ्यापर्यंत बिनधोक चालायचं. त्यावरच्या मानवी आकृतीमुळे आपण त्याला पुतळी म्हटलं. शिवकालीन कागदपत्रांत पुतळी हे नाणं म्हणून येतं, आणि नाण्यांना कडी लावून गळ्यात घालायची आपली रीत जुनीच.

आणखी एक बघा. सान मार्कोच्या पाण्याकडच्या बाजूला, ग्रंथालयाला लागून, जाड दगडी इमारत आहे, ती त्यांची टांकसाळ, 'झेक्का'. हा शब्द अरबी 'सिक्का'वरून आला, आणि झेक्कावरून या नाण्याचं दुसरं नाव पडलं, 'झेक्कीनो'. आपला सिक्काही तिथूनच आलेला. एकच शब्द, एक फाटा व्हेनिसला, एक आपल्याकडे.

आमच्या गावाचाही संबंध आहे. मार्को पोलो रिआल्तोजवळचा. त्याच्या वर्णनात 'ताना' म्हणून येतं ते आमचं ठाणं. इथलं कमावलेलं कातडं, सुती कापड, आणि समुद्री चाच्यांना राजाची आतून साथ असल्याचंही त्याने सांगितलंय. त्याचं घर आता नाही, त्या जागेवर नाट्यगृह आहे, पण मागच्या चौकाला आजही 'मिल्योन' हे त्याचंच टोपणनाव आहे. मी मुद्दाम शोधत गेलो होतो. दोन बोळ, एक बोगद्यासारखी वाट, आणि पुढे अंगणाएवढा चौक. कुणीही नव्हतं. ठाण्याचं नाव सातशे वर्षांपूर्वी इथल्या माणसाने घेतलं होतं, एवढाच विचार करत उभा राहिलो.

...

निळाई

वाचनखूण साठवली. ठाणेकर, आजीच्या पुतळ्या आज पुन्हा काढून बघते.

...

उत्तररात्र

सगळं सुंदर लिहिलंय, पण मला एक प्रश्न छळतो. १९५१ मध्ये त्या बेटांवर पावणेदोन लाख लोक राहायचे, आता पन्नास हजारही नाहीत. घरं पर्यटकांना भाड्याने गेली, किराणा दुकानांच्या जागी मुखवटे आले. आपण जाणं हाच त्या शहराला त्रास नाही का?

...

पदुआकर

उत्तररात्र, प्रश्न रास्त आहे आणि माझे तिथले मित्र हेच बोलतात. त्यांच्यातलाच एक भाडं परवडेना म्हणून मेस्त्रेला गेला. पण त्यांचा राग राहणाऱ्यांवर कमी आणि दोन तासांत चौक तुडवून, डबा कालव्याकाठी खाऊन, काहीच न घेता जाणाऱ्या गर्दीवर जास्त आहे. २०२१ मध्ये मोठी प्रवासी जहाजं शहरासमोरून जायची बंद झाली, २०२४ मध्ये गटाला २५ माणसांची मर्यादा आली, मार्गदर्शकांचे लाउडस्पीकर बंद झाले. हे सगळं लोकांनी भांडून मिळवलं.

तिथे जाणाऱ्याने करण्यासारखं खूप आहे. सदनिका न घेता हॉटेलमध्ये राहा. भाजी, पाव, फळं तिथल्या माणसांच्या दुकानातून घ्या. पुलावर बसू नका, तो त्यांचा रस्ता आहे. बोळात उजव्या बाजूने चाला. आणि मुरानोची काच घ्यायची तर मुरानोला जाऊन, भट्टीवाल्याकडून घ्या. आगीच्या भीतीने १२९१ मध्ये भट्ट्या त्या बेटावर हलवल्या, तेव्हापासून काम तिथेच चालतं. चौकात स्वस्तात मिळते ती बहुतेक बाहेरून आलेली असते.

...

खडीसाखर

मंडळी, जाऊन आलो. मेस्त्रे रद्द करून दोर्सोदुरोत दोन रात्री राहिलो, हॉटेल आणि बोटीचा थांबा यांच्यात एकही पूल नव्हता (सांजवातताई, हे विचारायला सांगितलंत त्याबद्दल बाबांकडून खास आभार). प्रवेशशुल्काचा दिवस होता, नोंद आधीच केली होती, स्टेशनबाहेर कोड दाखवला आणि पुढे गेलो.

गोंडोला घेतला नाही, दोनदा त्रागेत्तोने गेलो. आईची चिठ्ठी सगळीकडे चालली. एका ठिकाणी स्वयंपाकघरातून बाई स्वतः बाहेर आल्या, चिठ्ठी वाचून आईचा हात धरला आणि कढईत काय काय आहे ते आत नेऊन दाखवलं.

सान बार्नाबाच्या कालव्यात भाजीची बोट उभी असते, शेजारीच मुठींचा पूल. जुन्या काळी दोन वस्त्यांचे गडी त्यावर गुद्दागुद्दी करायचे, १७०५ मध्ये ते बंद केलं. पुलावर पावलांच्या खुणा बसवल्यात, बाबा त्यांवर पाय ठेवून बघत होते. आई बोटीपाशी गेली. खाजणातल्या सांत एरास्मो बेटावरचे छोटे जांभळे आर्टिचोक आले होते. ते कसे चिरायचे ते भाजीवाल्याने खुणेने दाखवलं, आईने खुणेनेच आणखी विचारलं. मग त्याने एक घेऊन बाहेरची पानं सोलली, पातळ कापलं, लिंबू पिळून तिच्यासमोर धरलं. तिने खाल्लं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "केळफुलाच्या आतल्यासारखं लागतं, अर्धा किलो घे."